नियम पहिला

पडद्यावर एक उघडी पाठ आली. फोटोतून डोकं गाळलेलं होतं, तरी रत्नप्रभानं ओळखली. तिच्या सोनालीची पाठ, ती लहान असतानाची. खांद्याखाली लांब व्रण, आणि त्याच्या दोन्ही कडांना टाक्यांचे ठिपके.

सोनाली आता चौदा वर्षांची. आईच्या खुर्चीशेजारी ती उभीच होती. बसता येत नाही तिला. पाठ, मान, कंबर, उजवा हात, सगळ्याचं हाड झालंय.

मुरबाडच्या त्या सभागृहात दोन तालुक्यांतले डॉक्टर जमले होते. पाहुण्या डॉक्टरांची ओळख करून देता देता लोकांचा चहा थंड झाला. मुंबईत सुवर्णपदक, लंडनला संशोधन, या दुर्मिळ जनुकीय आजारावर देशात बोलावं तर यांनीच. रुग्णाला कसं सांभाळायचं, त्याचे नियमही यांनीच लिहिलेले.

"नियम पहिला," पाहुणे बोलू लागले. "जन्मतः पायाचे अंगठे आत वळलेले असतील आणि पुढं पाठीवर गाठी आल्या, तर कापू नका. तपासायला तुकडासुद्धा काढू नका. जिथं इजा होते, तिथं मांसाचं हाड होतं. आता ही केस पाहा. घरच्यांनी गावठी वैदूकडून गाठ कापून घेतली. निव्वळ अडाणीपणा. परिणाम तुमच्यासमोर उभा आहे."

सगळ्या माना सोनालीकडं वळल्या.

"ऐकलंस?" सासू चिमाबाई कानाशी पुटपुटली. "मी काय येगलं बोलत होती गो?"

रत्नप्रभाच्या अंगाची आग झाली. कुठल्या भगताकडं नेलीस नि पोरीचं लाकूड केलंस, हे सासूच्या तोंडून रोज ऐकत आली होती ती. खर्डीच्या सुनिल डॉक्टरनं शब्द दिला होता, "चला ताई, मोठे सर सगळ्यांसमोर सांगतील, तुमची चूक नव्हती." म्हणून तर सासूला मुद्दाम सोबत आणली होती.

ती ताडकन उठली. "ओ डॉक्टरसाहेब, वैदू टाके घालतो काय? ही पाठ तुमीच कापलीत, तुमच्या दवाखान्यात. तुकडा तपासायचाय बोललात, आमी हो बोललो. कापायचं नाय, हे माझी पोर कापून शिकलात तुमी!"

पाहुणे सौम्य हसले. "आई जरा भावनिक झाल्यात. साहजिक आहे."

"भावनिक नाय झाले मी. सुनिल डॉक्टर, तुमीच नेलं होतं ना आमाला मुंबईला? दारात उभे होतात तुमी. सांगा की!"

पहिल्या रांगेतून सुनिल डॉक्टर उठला. चिमाबाईसुद्धा खुर्चीत पुढं सरकली. त्यानं माइक हातात घेतला. पाहुण्यांकडं पाहिलं. रत्नप्रभाकडं मात्र पाहिलं नाही.

"सर, टाइम झालाय," तो म्हणाला. "जेवण लागलंय."

खुर्च्या खरडल्या. प्रोजेक्टर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पडद्यावर सोनालीची पाठ तशीच उजळत राहिली, आणि जेवायला निघालेल्या डॉक्टरांच्या सावल्या एकेक करून तिच्यावरून चालत गेल्या.