आवाज नसलेली फिल्म

भिवंडीतल्या जळालेल्या लूम कारखान्याचं कलादालन झालं होतं. उद्घाटनाला बायजाबाई लेकीसोबत आली. भिंतीवर जुनी फिल्म चालू होती, आगीच्या दिवशीची. "आई, आवाज मुद्दाम बंद ठेवलाय," रुचिका म्हणाली. "तवा कुठं ऐकू यायचं गं? खडखडाटात आमी ओठ बघूनच बोलायचो." तेवढ्यात भिंतीवर तिचा नवरा दिसला, नवशा. त्याच्याच बिडीनं आग लागली, असं शेठनं सांगितलं होतं. नवशासोबत मेलेल्यांच्या बायका आजही तिच्यापासून लांब बसल्या होत्या. नवशा शेठला ओरडून सांगत होता. बायजाबाईचे ओठ त्याच्यासोबत हलले, मग आवाज फुटला: "शेठ, वायर जळतेय, मेन बंद करा!" पुढच्या खुर्चीतला म्हातारा शेठ उठला. "फिल्म बंद करो!" पण भिंतीवरचा तरुण शेठ वॉचमनकडे वळला. बायजाबाई तेही बोलली: "शिफ्ट पूरी होने दे. बाहर से ताला मार."