चाकापुढचा ठोकळा

कुत्रा चालायला लागला म्हणून लेकीचं लक्ष गेलं. दोन झाडांमध्ये बांधलेल्या दोरीवर ती टॉवेल वाळत घालत होती. कुत्रा शेपटी हलवत, रमतगमत, उतारावरून तळ्याकडे निघाला होता. त्याला तर तिनेच मघाशी बांधलं होतं. कॅरव्हॅनच्या पायरीला.

मग तिला कॅरव्हॅन दिसली. तीही चालली होती.

आवाज असा काही नव्हता. चाकांखाली वाळका पाला चुरचुरत होता, तेवढाच. खिडकीतला पडदा हलत होता. पडद्यामागे वरच्या बर्थवर तिची छोटी झोपली होती; चार वर्षांची, नुकतीच जेवून पडलेली.

"आई!"

आई खाली काठाशी भांडी घासत होती, इकडे पाठ करून. "आले गं, दोनच राहिलीत," ती वळून न बघता म्हणाली.

"आई, गाडी!"

लेक धावली. दार की ब्रेक, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मधलं दार उघडून छोटीला उचलायचं, की पुढं जाऊन ब्रेक दाबायचा? दार जवळ होतं. पण तळं काठापासून थोडंच पुढं एकदम खोल होतं. तशी पाटीच लावलेली होती. ती दारावरून पुढं गेली. झोपलेल्या पोरीला मागं टाकून पुढं गेली.

आईने तोवर मान वळवली होती. तिने बाजूला व्हायला हवं होतं. ती उठली आणि साबणाच्या हातांनी गाडीसमोर येऊन उभी राहिली. दोन्ही तळवे तिने बॉनेटला लावले. गाडी तिला मागं रेटत पाण्यात घेऊन निघाली. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत.

"आई, बाजूला हो! वेड लागलंय का तुला?"

आई हलली नाही.

लेकीने ड्रायव्हरचं दार ओढलं, आत झेप घेतली. चप्पल बाहेरच राहिली. अनवाणी पायाने, सगळं अंग टाकून तिने ब्रेक दाबला.

गाडी थबकली. पुढची चाकं पाण्यात होती. आईच्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं.

शेजारच्या गाडीतले काका ओंडका घेऊन धावत आले. ते निवृत्त बस ड्रायव्हर. बायको आणि दोन मांजरांसह आठवडाभर तिथे मुक्कामाला होते. त्यांनी ओंडका मागच्या चाकापुढं लाथेने ठोकून बसवला. दुसऱ्या चाकापुढं दगड लोटला.

"पाय काढ आता, पोरी."

ती काढेना.

"अगं, काढ. मी सांगतोय ना."

तिने पाय उचलला. गाडी जागची हलली नाही.

"तीस वर्षं बस चालवली," काका धापा टाकत म्हणाले, "पण प्रवासी झोपलेले असताना गाडी आंघोळीला नाही नेली कधी."

"गप्प बसा हो! वेळ आहे का ही?" वरून त्यांची बायको ओरडली. तिने एक मांजर छातीशी घट्ट धरलं होतं.

छोटी झोपलेलीच होती. लेक आत गेली, तिच्या नाकाशी बोट धरलं, बाहेर आली. मग पुन्हा एकदा जाऊन बोट धरून आली.

"हँडब्रेक ओढला नव्हतास?" काकांनी विचारलं.

"ओढला होता. जुना आहे तो. थोडा वेळ धरतो, मग सुटतो. म्हणून तर ठोकळा लावावाच लागतो." ती आईकडे वळली. "आई, ठोकळा कुठंय?"

आई अजून पाण्यातच होती. "टबात असेल बघ. भांड्यांच्या."

"टबात?"

"हातात होता माझ्या. चाकाशीच उभी होते मी." आई थांबली. "हे आतून ओरडायचे ना, 'ओढला गं' म्हणून. मग मी लावायचे. आज कुणी ओरडलं नाही. किती वेळ उभी होते, कळलंच नाही. मग भांडी उचलली, त्यांच्याबरोबर तोही उचलला गेला असेल."

 लेकीने ब्रेक ओढला होता, ती उतरली होती आणि टॉवेल काढले होते. ठोकळा आई लावते, एवढं तिला माहीत होतं. लहानपणापासून दर वेळी तो लागलेलाच असायचा. बाबा होते तोवर त्यांचं ओरडणंही तिने दर वेळी ऐकलं होतं. तिला वाटायचं, त्यांना ओरडायची सवयच आहे.

टबात, शेवटच्या पातेल्याखाली, ठोकळा सापडला. बाबांनी कापलेला, उचलायला दोरी ओवलेला. तिने तो फेसासकट उचलून चाकापुढं नेला. काकांनी तो दोनदा ठोकला, वर आणखी एक दगड टेकवला आणि म्हणाले, "आता ट्रॅक्टरच लागेल ओढायला. कॅम्पच्या ऑफिसात सांगून येतो मी."

साखळी ताणून कुत्रा तळ्याचं पाणी पीत होता.

"आई, ये ना बाहेर. गार आहे पाणी."

आईचे तळवे बॉनेटवरच होते. कोपरं ताठ, मान खाली. पायांखालची माती सरकत होती, तशी ती मधूनच पाय घट्ट रोवत होती.

ऑफिसकडे निघालेले काका परत फिरले. पाण्याच्या कडेला येऊन त्यांनी आवाज खाली आणला.

"ताई, सोडा आता. सगळीकडून धरलीय तिला. कुठं जात नाही ती."

"तसं नुसतं वाटतं," आई म्हणाली.