कन्सोल कोण घेणार?

फोनवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत प्राणेशचं काम एकच होतं: एकदा खेळायला बसलेलं माणूस उठता कामा नये. चेन्नईतल्या एका परिषदेत त्यानं ठासून सांगितलं, "घरोघरी फोन असताना नुसतं खेळायला वेगळं यंत्र कोण घेणार? हातातल्या कन्सोलचे दिवस संपले!" टाळ्यांचा कडकडाट झाला आणि साहेबांनी तिथंच त्याची बढती जाहीर केली.

संध्याकाळी तो वेस्ट मांबलमला घरी आला, तर नऊ वर्षांची लेक सौम्या आईच्या फोनवर त्याचाच गेम खेळत होती. समोरची इडली गार झाली होती. अप्पा, म्हणजे तिचे बाबा, आले तरी तिनं मान वर केली नाही. जाहिरात संपायची वाट बघत होती. प्राणेशनं फोन काढून घेतला, आल्या पावली खाली उतरला आणि दुकानातून नवाकोरा कन्सोल आणून तिच्या हातात ठेवला.

"यावर खेळ, कन्ना," तो लाडानं म्हणाला. "यात जाहिराती नाहीत. खेळ संपला की संपतो."

"मग अप्पा, तुमचा गेम कोणासाठी?"

 

फोनमधून तो गेम काढून टाकत प्राणेश म्हणाला, "तो लोकांच्या पोरांसाठी."