तीन हाका

एक.

"होदी!"

तंबूला दार नसतं, तेव्हा ठोठावायचं काय? हाक द्यायची. आतून "कारिबू" आलं, की पाहुण्याला मागे घ्यायचं आणि पाणघोड्यांच्या वाटा ओलांडत चहाच्या छपरापर्यंत न्यायचं.

सलुमूच्या हातात भाला होता, पायात काहीच नव्हतं. कुणी उचलून नेल्यासारखं तळं नाहीसं झालं होतं. उरलं होतं ते नुसतं पांढरं धुकं. त्यात ताडांचे शेंडे बुंध्यांशिवाय तरंगत होते. एका शेंड्यावर मत्स्यगरुडानं मान मागे टाकली, चोच उघडली, मिटली.

आवाज आला नाही. मागच्या पावसाळ्यापासून कसलाच नीट येत नव्हता.

दोन.

"होदी!"

कनात हलली नाही.

कालच लॉजच्या मॅनेजरनं, तौसीनं, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाबा, ऐकू येतं ना तुम्हाला? की नुसती मान डोलावता?"

तिचे ओठ वाचून तो म्हणाला होता, "तुझ्या पोटातले कावळेसुद्धा ऐकू येतात, पोरी."

सगळे हसले. तीही हसली. मग हसू न पुसताच म्हणाली, "एक जरी पाहुणा वाटेवर एकटा दिसला ना, तर गुरुवारच्या बोटीनं तुम्ही घरी."

तीन.

"होदी!"

तो थांबला. कनातीकडे बघत राहिला.

चौथी हाक द्यायची नसते. तिसरी रिकामी गेली, की माणूस मुकाट्यानं परततो. आतल्याला झोप असेल, अडचण असेल, नुसतं कुणी नको असेल. चौथी देणाऱ्याला आईनं काही शिकवलेलं नसतं. आणि आत तर झमोयोनीबाई, दारेसलामच्या जुन्या शिक्षिका, वयानं त्याच्याहून मोठ्या. झोपू दे त्यांना.

सलुमू वळला.

(आतून तीनदा उत्तर आलं होतं. तिसऱ्यांदा तर वर्गातल्या आवाजात.)

अर्ध्या वाटेवर तळव्यांखालची माती थरथरली. एकदा. पुन्हा एकदा. पलीकडच्या गावात ढोल वाजावा तशी. तो जागच्या जागी थांबला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं डावा हात वर केला. थांबा. मागे कुणी नव्हतं. तरी केला.

पांढऱ्याचा एक तुकडा काळा झाला. ओला, झोपडीएवढा. पाच पावलांवरून पाणघोडा तळ्याकडे निघाला, जाता जाता एक कान फिरवला, आणि धुकं मिटलं. सगळं बिनआवाजाचं. दुसऱ्या कुणाच्या स्वप्नात चुकून शिरल्यासारखं.

हात खाली घेत तो वळला.

मागे झमोयोनीबाई उभ्या होत्या. त्याच्या हातासरशी थांबलेल्या, एक पाऊल अजून अर्धवट पुढे.

मग बाईंचे ओठ हलले, फळ्यावर एकेक अक्षर काढावं तसे.

"मी. तीनदा. ओ दिली."

सलुमूनं भाला मातीत टेकला. धुक्यात त्याला गुरुवारची बोट स्पष्ट दिसली.

छपराखाली तौसी आल्याचा चहा ओतत होती. तिनं दोघांकडे पाहिलं. "बाई, बाबा न्यायला आले होते ना? की एकट्याच निघालात?"

सलुमूचे डोळे बाईंच्या ओठांवर खिळले. नेमका तेव्हाच त्यांनी कप तोंडाला लावला. कपाआडून काहीतरी बोलल्या. लांबलचक. तौसी हसली, मान हलवली आणि नुकतीच तळलेली एक गरम मंदाझी सलुमूच्या हातावर ठेवली.

म्हणजे काय? निरोपाची की रोजची? मंदाझी दोन्ही वेळेला गोडच लागते. तो दिवसभर कुणाच्याच तोंडाकडे बघायला धजला नाही.

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. गुरुवार होता. त्याला कुणी बोटीवर बस म्हटलं नव्हतं. म्हटलं असलं तर ते त्यानं पाहिलं नव्हतं. भाला घेऊन तो झमोयोनीबाईंच्या तंबूपाशी आला.

कनातीच्या फटीतून काहीतरी लोंबत होतं. कमरेला गुंडाळायच्या जुन्या कांग्याची फाडून पिळलेली पट्टी, फिकट लाल, बरोबर त्याच्या हाताच्या उंचीवर. टोकाला गाठ. दुसरं टोक आत.

त्यानं गाठ मुठीत घेतली.

"होदी!"

आतून हिसका आला. शाळेची घंटा ओढावी तसा.