फणसातील बिऱ्हाड

विश्रामने फणसाच्या बुंध्याशी नारळ ठेवला, अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. उद्या या झाडावर कुऱ्हाड चालणार होती; त्याच्या नव्या घराचे आढे यातूनच निघायचे होते. तोडण्याआधी झाडातील रहिवाशांचा निरोप घेण्याची गावाची रीत होती.

"या झाडात जे कुणी वसत असतील," तो पुटपुटला, "त्यांनी पूजा स्वीकारून मुक्काम हलवावा."

"जरा मोठ्याने बोला की!" त्याची बायको इंदू हसली. "मला मागायला बाबांकडे आलात, तेव्हाही असेच पुटपुटलात." तिला सातवा महिना होता. पावसाआधी छप्पर चढले, तरच बाळ सध्याच्या जुन्या खोलीऐवजी स्वतःच्या घरात जन्मणार होते.

विश्रामने आवाज चढवून विनंती केली. तोच सोसाट्यासारखा पंखांचा आवाज झाला आणि एक भलाथोरला धनेश वर खोडाला बिलगला. तिथली ढोली चिखलाने लिंपलेली होती. बारीक फट तेवढी उघडी होती. धनेशाने चोचीतले उंबर पुढे केले. फटीतून दुसरी चोच आली आणि तिने ते अलगद घेतले. स्वतःला आत कोंडून मादी अंड्यांवर बसली होती.

विश्रामने केवळ रीत म्हणून उच्चारलेले शब्द खरोखरच कुणीतरी ऐकत होते, आणि तिला जाता येणार नव्हते.

"अहो," इंदूचा हात नकळत पोटावर गेला, "आपली जुनी खोली आहे की."

विश्रामने पुन्हा हात जोडले.

"माहेरी आल्यासारखी राहा, बाई," तो पुटपुटला.

या वेळी इंदूने त्याला मोठ्याने बोलायला सांगितले नाही.