वरच्या ओठावर

शके १८०९ची गोष्ट. कल्याणच्या गोदाच्या वरच्या ओठावर कोडाचा एक पांढरा डाग होता, आणि नेमकी त्याच्यावरच दाट काळी लव होती. मुलाकडचे तिला बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी आईने बोटांना राख लावली आणि ती लव चिमटीने उपटायला घेतली.

"आई, राहू दे ना गं. त्या केसांमुळेच डाग लपतो."

"आणि मिशीवाली सून कोण करून घेईल? गप बस, हलू नकोस."

दुसऱ्या दिवशी मुलाच्या मामांनी गोदाला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, तोंड वर करायला लावलं आणि विडा न घेताच ते उठले. "कोड आहे हो हिला. आमच्या भाऊजींच्या घराण्यात असलं काही नाही," असं ते गोदाच्या वडिलांना म्हणाले. आठवड्याभरात ही बातमी कल्याणभर झाली. त्यानंतर गोदाला बघायला कोणी आलं नाही.

पावसाळा सरता सरता त्या मुलाचे वडील वारले. दहाव्या दिवशी खाडीवर न्हाव्याने रीतीप्रमाणे मुलाचं डोकं केलं, मिशी उतरवली आणि ओठावरचा रुपयाएवढा पांढरा डाग सगळ्यांसमोर उघडा पडला. गावातल्या चारचौघांबरोबर गोदाचे वडीलही तिथेच उभे होते. त्यांनी मामांकडे पाहिलं.



"बघता काय असे?" मामा म्हणाले. "पुरुषमाणूस आहे तो. दोन महिन्यांत मिशी येईल, की झालं!"