दोनशे नव्व्याण्णव

जनगणनेत तीनशे माणसं भरली तरच त्या गावाची स्वतंत्र पंचायत राहणार होती, नाहीतर गाव शेजारच्या मोठ्या गावात विलीन होणार होतं. त्यामुळे लोक आकडा फुगवणार, हे मी धरूनच चाललो होतो.

पहिल्याच घरी बाईंनी पाच माणसं दाखवली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि एक आत झोपलेत."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्यामागून कोणीतरी दोनदा खोकलं.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरीही बंद दार आणि तोच खोकला. मी वैतागलो. डोळ्यांनी पाहिली तेवढीच माणसं लिहिली. बेरीज आली दोनशे नव्व्याण्णव.

"सगळ्या घरांत ते एकच आहेत," सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले. "एकदाच लिहा, साहेब. तीनशे भरतात."

"मला गंडवू नका," म्हणत मी आकड्याखाली सही ठोकली.

सरपंच त्या सहीकडे बघत म्हणाले, "पंचायत गेली तर गेली. पण आता त्यांना इथं ठेवता येणार नाही. माणूस कुठल्यातरी घरचा असावा लागतो."

परत निघालो तेव्हा घराघरांतल्या आतल्या खोल्या सताड उघड्या होत्या. बायका अंगणात अंथरुणं झटकत होत्या. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचलो. आमच्या घरात आम्ही दोघंच. बेल वाजवायच्या आतच बायकोने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच झोपलेत."